सोलापुरात घरी बर्बन प्यायची तर पाणी कोणतं घ्यावं? खास ग्लास लागतो का?

तुम्ही लिहिलंय की भाच्याने अमेरिकेहून बर्बनची, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीची, बाटली आणून दिलीय, बारमध्ये जायचं नाही, घरीच निवांत घ्यायचीय, आणि व्हिडिओ बघून महागडे ग्लास मागवायचा विचार चाललाय. ग्लासची ऑर्डर जरा थांबवा. सोलापुरात खरी गाडी अडते ती पाण्यावर.

आपल्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते उजनीचं असो की हिप्परग्याचं, क्लोरीनचा वास घेऊनच येतं. मग ते टाकीत पडून राहतं. बर्बनमध्ये जे काही हुंगण्यासारखं असतं, व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास, थोडं लाकूड, ते या वासाखाली दबून जातं. बोअरच्या पाण्यात तर डाळ शिजत नाही, ते या बाटलीत कशाला घालायचं?

इथे कुणीतरी सांगेलच की बर्बनचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यात चुनखडीच्या दगडातून झिरपलेलं पाणी वापरतात, म्हणजे जड, क्षारांचं पाणीच चांगलं. अर्धंच खरं आहे. त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि लोह जवळपास नसतं. लोहाने दारूचा रंग आणि चव दोन्ही बिघडतात, म्हणून तिथल्या लोकांना त्याचं कौतुक. पण ते पाणी मका भिजवून आंबवताना लागतं. बाटली भरण्याआधी दारूची तीव्रता खाली आणायची असते तेव्हा डिस्टिलऱ्या साधारणपणे क्षार काढलेलंच पाणी घालतात. तुम्ही ग्लासात पाणी घालता तेव्हा त्यांचं हेच शेवटचं काम पुढे नेत असता. तेव्हा आरओचं पाणी उत्तम. सीलबंद बाटलीचंही चालेल. जारचं घेणार असाल तर आधी नुसतं पिऊन बघा, उन्हात पडलेल्या जारला प्लॅस्टिकचा वास लागतो. यातलं काहीच नसेल तर नळाचं पाणी उकळून उघडं ठेवून गार करा, क्लोरीन बराचसा उडून जातो.

किती घालायचं हे लेबल बघून ठरवा. चाळीस टक्के अल्कोहोलची असेल तर साठ मिलीला चहाचा एक चमचा घालून सुरुवात करा, वास घ्या, मग वाटलं तर आणखी एक. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असं असेल तर ती नेमकी पन्नास टक्क्यांची असते. तो १८९७चा अमेरिकी कायदा आहे: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल आणि किमान चार वर्षं मुरवलेला. अशा साठ मिलीत पंधरा मिली पाणी घातलं की ती चाळीसवर येते. आपल्या पद्धतीने साठ मिलीवर दुप्पट पाणी ओतलंत तर चाळीसची तेरा टक्क्यांवर येते, म्हणजे वाइनएवढी. प्यायला हरकत काहीच नाही, फक्त त्यासाठी अमेरिकेहून बाटली आणवायची गरज नव्हती.

थोड्या पाण्याने वास खुलतो हा नुसता शौकिनांचा समज नाही. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७मध्ये कॉम्प्युटरवर हे मांडून पाहिलं. धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा घटक कडक दारूत आत दडून राहतो, पाणी घालून तीव्रता उतरली की पृष्ठभागाकडे येतो. बर्बन मुरते नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात, त्यामुळे असले घटक तिच्यात असतातच. (५१ टक्के तरी मका आणि नवं जाळलेलं पिंप, या दोन अटींशिवाय तिला बर्बन म्हणताच येत नाही.)

आता ‘रूम टेंपरेचरला प्या’ हा सल्ला. तो देणाऱ्याने मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नाही. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना कपाटातली बाटली कोमट असते आणि ग्लास नाकाशी नेला की फक्त अल्कोहोलचा झणका बसतो. उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. बर्फ घालायचाच तर एकच मोठा खडा, छोटे तुकडे भराभर विरघळून सगळं पाणी करतात. आणि तोही आरओच्याच पाण्याचा, झाकलेल्या भांड्यात जमवलेला, नाहीतर शेजारच्या मटणाचा वास त्यात उतरतो. गाड्यावरच्या लादीचा बर्फ चुकूनही नको.

ग्लासचं म्हणाल तर व्हिडिओतला तो बुटका, फुगीर पोटाचा आणि निमुळत्या तोंडाचा ग्लास बहुतेक ग्लेनकेर्न असणार. तो २००१मध्ये स्कॉटलंडमध्ये स्कॉचसाठी निघाला. आकारामागचं कारण सरळ आहे: पोटात वास साठतो, तोंडाशी एकवटतो. घरात वाइनचा छोटा ग्लास असेल तर तेच काम होतं. बर्फ घालणार असाल तर साधा जाड बुडाचा पसरट ग्लास बरा. स्टीलचा पेला मात्र नको, रंगही दिसत नाही आणि धातूचा वास मध्ये येतो. महत्त्वाचं म्हणजे ग्लास डांबरगोळ्यांच्या कपाटातून काढून थेट भरू नका. प्यायच्याच पाण्याने विसळून घ्या.

चखण्याला आपली शेंगा चटणी पहिल्या घोटाबरोबर नको. लसूण-तिखटापुढे बर्बन मुकीच होते. गूळ-शेंगदाणे घेऊन बघा, तिच्यातल्या गोडव्याशी छान जमतं. थंडीत हुरडा मिळाला तर मी दुसरं काहीच मागणार नाही.

दोन कामाच्या गोष्टी. महाराष्ट्रात अशी कडक दारू प्यायला वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा काढून ठेवा. आणि बाटली उभीच ठेवा, उन्हापासून आणि पत्र्याखालच्या माळ्यापासून लांब. निम्म्याच्या खाली आली की आतल्या हवेने वास उतरत जातो, तेव्हा पाहुण्यांसाठी वर्षभर राखून ठेवू नका.