'फ्रा फिक्खनेत': ग चा फ झाला कसा?

बँकॉकला जाऊन आलेल्या एकाने विचारलंय: तिथे गणपतीला 'फ्रा फिक्खनेत' म्हणतात, तो 'गणेश'चाच अपभ्रंश का? मग ग चा फ कसा झाला?

झालाच नाही. ते नावच वेगळं आहे: विघ्नेश. आपल्या ओझरच्या विघ्नेश्वराचा सख्खा भाऊ म्हणा ना! 'फ्रा' हे आपल्या 'श्री'सारखं आदरार्थी. बुद्ध, भिक्षू, सूर्य-चंद्र, सगळ्यांना लागतं.

थाई पाटीवर हा शब्द अक्षर लावून वाचला तर आपल्या ब चं भावंड, त्याला इकार, मग चक्क घ, मग ने, शेवटी श. म्हणजे लिहिण्यात विघ्नेश जवळजवळ शाबूत. (गंमत म्हणजे 'ने'चा एकार न च्या आधी लिहितात, आपण पहिली वेलांटी काढतो तशी.) व चा ब होणं बंगालीमुळे आपल्याला नवं नाही. पण थाई तोंडात ब, ग, द यांचे बहुधा फ, ख, थ होतात, आणि घ चाही ख. हा फ 'फळ'मधला, 'फॅन'मधला नव्हे. विष्णुलोक हे शहर तिथे 'फित्सनुलोक' आहे. राचप्रसोंग चौकात 1956 साली हॉटेलसाठी बसवलेला चार तोंडांचा ब्रह्मा 'फ्रा फ्रोम', पण जग त्याला हॉटेलच्या नावाने 'एरावन' म्हणून ओळखतं. देव ब्रह्मा, नाव इंद्राच्या हत्तीचं!

राहिला शेवटचा त. थाईत शब्दाच्या शेवटी स-श टिकत नाही, त्याचा अर्धवट त होतो. आकाश 'आकात' होतं (अर्थ हवा), प्रदेश 'प्रथेत' होतो (अर्थ देश).

'गणेश'ही तिथे आहेच, 'खनेत' या रूपात. त्याच चौकाजवळ सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर गणपती आहे. ऑफिस सुटलं की लोक बूट काढून, झेंडूची माळ वाहून गुडघ्यांवर बसतात. तिथे कान देऊन ऐका. एरवी 'खनेत' म्हणणारा माणूस मंत्र म्हणतो तो असा: 'ओम सी खनेसाय नमह'. श पुढे स्वर आला, की त गायब आणि स हजर. 'श्री'तला र मात्र गेला तो गेलाच.