उत्तर आयर्लंडमधली दंगलींच्या काळातली राजकीय भित्तिचित्रं सरसकट पुसून का टाकत नाहीत?

सरसकट पुसूच नयेत. बंदूकवाली जावीत, मेलेल्यांची राहावीत, आणि कुठलं कुठे ठेवायचं ते त्या भिंतीसमोर राहणाऱ्यांनी ठरवावं. मी बेलफास्टमध्ये नोकरी करते, संसार इथेच आहे. चार दिवस फिरायला येऊन 'भिंतीवर अतिरेकी काय रंगवून ठेवलेत' असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यात पहिला नंबर माझ्या धाकट्या दिरांचा.

ते पुण्याहून आले होते. फॉल्स रोड म्हणजे आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या कॅथलिकांची वस्ती. तिथे तुरुंगातल्या उपोषणात गेलेल्या बॉबी सँड्सचं, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या माणसाचं, हसरं चित्र बघून म्हणाले, "उपोषणात गेला म्हणून काय झालं? आयआरएचाच ना?" ब्रिटनसोबतच राहू म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या शँकिलवर, कॅथलिक राजाला हरवणारा घोड्यावरचा राजा विल्यम बघून म्हणाले, "१६९० ची लढाई अजून चालूच आहे यांची." पाहुणे म्हणून मी ऐकून घेतलं. मग आम्ही डेरी शहरात गेलो. तिथल्या बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत एका इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर शाळेच्या हिरव्या गणवेशातली मुलगी आहे, भलीमोठी. तिचं नाव ॲनेट मॅकगॅव्हिगन. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरच्या गोळीबारात गेली, वय १४. दिरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "वहिनी, जखम भरू द्यायची सोडून रोज खपली काढायची, ही कसली रीत? एका रात्रीत सगळीकडे चुना फासला पाहिजे."

तिथे मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "भावोजी, त्या मुलीच्या बाजूची बंदूक बघा आधी." ती मधोमध मोडलेली आहे आणि मुलीच्या डोक्यावर रंगीत फुलपाखरू आहे. १९९९ मध्ये टॉम केली, केविन हॅसन आणि विल्यम केली या तिघांनी हे चित्र काढलं तेव्हा बंदूक अखंड होती आणि फुलपाखराची नुसती रेघ होती. शांतता खरंच टिकते आहे याची खात्री वाटल्यावर, २००६ मध्ये, त्यांनीच बंदूक मोडली आणि फुलपाखरात रंग भरले. १९९८ च्या शांतता करारावर सह्या झाल्या म्हणून गल्लीतल्या माणसांचा लगेच विश्वास बसला नव्हता, आणि तो कधी बसला हे त्या भिंतीवर दिसतं. चुना फासला असता तर काय दिसलं असतं? दीर म्हणाले, "तुम्ही आता इथल्याच झालात." यावर बोलणं थांबलं, पण वाद मिटला नाही.

वरून हुकूम काढून पुसायचं म्हणाल, तर ते टिकत नाही. २०१३ मध्ये पूर्व बेलफास्टच्या एका भिंतीवर फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टच्या चित्राच्या जागी यूव्हीएफ या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेचा बुरखेधारी बंदूकवाला आला. वस्तीवर ज्यांची दहशत असते, ते रंगाचा डबा घेऊन रात्रीत काम करतात. उलट २००६ पासून उत्तर आयर्लंडच्या कला मंडळाने पैसे देऊन, वस्तीतल्या लोकांशी बोलून बरीच बंदूकवाली चित्रं बदलून घेतली. खालच्या शँकिलमध्ये आज सोन्याची नाणी सापडलेल्या मुलांचं चित्र आहे. १९६९ मध्ये घरं पाडताना तिथल्या पोरांना खरोखरच नाणी सापडली होती. हे काम हळू होतं, त्याला पैसे लागतात, आणि तरी मला हाच मार्ग पटतो.

एक मात्र मान्य करायला हवं. सगळ्यांनाच ही चित्रं हवी आहेत असं नाही. रोज खिडकी उघडली की समोर बंदुकीची नळी, अशी घरं आहेत, आणि तिथल्या आयांना कुणी विचारत नाही. ज्या संघटनेने तुमचा माणूस मारला तिचंच चित्र कोपऱ्यावर असेल तर 'इतिहास जपा' हे ऐकवत नाही. म्हणूनच बंदूकवाली जावीत असं मी म्हणते.

स्वतः बघायला येणार असाल तर फॉल्स आणि शँकिल दोन्ही बघा, आणि दोन्हीकडे त्या त्या बाजूचाच माणूस सोबत घ्या. एकाच टॅक्सीवाल्याकडून दोन्ही गोष्टी ऐकल्या की एक बाजू उरकली जाते. दिरांनी तेच केलं होतं, फॉल्सच्या चालकाचं ऐकून शँकिलबद्दल मत बनवलं होतं, आणि हे मी त्यांना दर दिवाळीच्या फोनवर सांगते.