न्यूट्रॉन ताऱ्याचे वय आणि ताप

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकते. न्यूट्रॉन तारे त्यांच्या रेडिओ स्पंदनांवरून ओळखले जातात, असे वाचले. मग त्यांच्या अभ्यासासाठी क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात का पाठवाव्या लागतात? आपल्या कास पठारासारख्या उंच जागी तशी दुर्बीण उभारता येणार नाही का?
— एक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : कासच काय, हिमालयाच्या माथ्यावरही ती उपयोगाची ठरणार नाही, कारण अवकाशातून येणारे क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. म्हणून भारताची ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही वेधशाळासुद्धा २०१५ मध्ये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडण्यात आली.

तुमचा पहिला प्रश्न अधिक खोल आहे. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर मागे उरलेला अतिशय घन गाभा. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे अशा स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या, जागी आज क्रॅब तेजोमेघ दिसतो आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस फेरे घेणारा स्पंदक, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदने पाठवणारा न्यूट्रॉन तारा, आहे. १९६८ मध्ये तो सापडल्यावर प्रत्येक तरुण न्यूट्रॉन तारा असाच असेल, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात काही नवजात तारे रेडिओलहरींत अगदी गप्प असतात आणि त्यांचा पत्ता केवळ त्यांच्या उष्णतेवरून लागतो. वीस लाख अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभाग प्रामुख्याने क्ष-किरणांतच प्रकाशतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सुमारे अकरा हजार प्रकाशवर्षे दूर असलेला कॅसिओपिया-ए हा अशाच एका स्फोटाचा अवशेष. त्याच्या मधोमध असलेल्या ताऱ्याचा व्यास सांगली ते तासगाव या अंतराएवढाच असावा. अडचण अशी की, भोवतीचा स्फोटातला वायूही क्ष-किरणांत लखलखत असल्याने त्यातून एवढासा ठिपका वेगळा काढायला फार तीक्ष्ण नजर लागते. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परावर्तित न होता आत शिरतात. म्हणून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीत नळकांड्यासारखे आरसे एकात एक बसवले आहेत आणि किरण त्यांच्या आतल्या बाजूला अगदी निसटते घासून केंद्राकडे वळतात. जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच चित्रात तो ठिपका दाखवला.

आता अवशेषाचे खरे महत्त्व पाहा. बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्याचे वेग मोजून हिशेब उलटा मांडला की, स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर १६८० च्या आसपास, म्हणजे शिवकालाच्या अखेरीस, पोहोचला असावा असे निघते. एकाकी स्पंदकाचे वय त्याची गती किती मंदावते यावरून केवळ अंदाजाने सांगता येते. येथे मात्र ताऱ्याचे वय आणि तापमान दोन्ही हाती असल्याने तो किती वेगाने थंड होतो हे तपासता येते, आणि प्रयोगशाळेत निर्माण न करता येणाऱ्या घनतेचे द्रव्य आत कसे वागते याचा सुगावा लागतो. माझ्या मते क्ष-किरण खगोलशास्त्राची ही सर्वांत मोलाची देणगी आहे.

अर्थात हे काम सरळ नाही. तेज आणि तापमान यांवरून सुरुवातीला काढलेला ताऱ्याचा आकार अवास्तव लहान येत होता. पृष्ठभागाचा एखादाच तुकडा तापलेला आहे असे मानावे, तर तारा फिरताना तेज कमी-जास्त व्हायला हवे होते आणि तसे काही आढळत नव्हते. २००९ मध्ये विन हो आणि क्रेग हाइन्के या शास्त्रज्ञांनी ताऱ्यावर कार्बनचे अतिशय पातळ वातावरण आहे असे मानून गणित मांडले, तेव्हा आकार अपेक्षेप्रमाणे आला. पुढे तो तारा दहा वर्षांत काही टक्क्यांनी थंड झाल्याचे जाहीर झाले आणि आतले न्यूट्रॉन अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणाऱ्या) अवस्थेत जाताना न्यूट्रिनो नावाचे अतिशय हलके कण ऊर्जा घेऊन बाहेर पडत असावेत, असे स्पष्टीकरण पुढे आले. मात्र दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची संवेदनशीलताही काळानुसार बदलत असल्याने त्या घसरणीचा नेमका दर आजही वादाचा विषय आहे.

‘चंद्रा’ची जुनी निरीक्षणे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. वर्णपट काढताना ठिपक्याभोवतीच्या वायूचा प्रकाश काळजीपूर्वक वजा करा, कारण त्यात थोडी गफलत झाली तरी ताऱ्याचे तापमान चुकीचे येते.