घरातल्या आजारपणामुळं माणूस सिगारेट सोडतो का?

तुमचा प्रश्न असा: सासूबाईंना दमा आहे, सासरे गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात. तेवढं पुरे का, आणि बायकोच्या आजारपणाकडं बघून माणूस सोडतो का?

गॅलरीनं भागत नाही. धूर दारातून आत येतोच, उरलेला शर्टाला आणि बोटांना चिकटून येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, सोडत नाही. लपवायला शिकतो.

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात वडील, म्हणजे अण्णा, सोप्यात बसून विडी ओढायचे. आईचं नाव काढलं की म्हणायचे, "ती आत असती की, तिला काय हुतंय?" हॉटेलात, स्टँडवर ओढली तर 2 ऑक्टोबर 2008 पासून 200 रुपयांपर्यंत दंड आहे. सोप्याला कुठला कायदा? आई अॅडमिट झाली, सीओपीडी निघालं, म्हणजे फुप्फुसांचा दम लागायचा जुनाट आजार. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं? अण्णा म्हणाले, "चुलीचा धूर वो, डॉक्टर." घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली होती.

रात्री नेब्युलायझरचा मास्क अण्णाच धरायचे. मायेनं धरायचे, खोटं कशाला बोलू? आई तोंड फिरवायची. आम्हाला वाटायचं, औषधाचा वास सोसत नसेल. चौथ्या रात्री म्हणाली, "मास्क पोराकडं द्या. तुमच्या हाताला वास येतोय." अण्णा मुकाट्यानं उठले आणि खाली टपरीवर जाऊन विडी पेटवली. घाबरलेला माणूस जास्तच ओढतो.

आई घरी आल्यावर अण्णा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागले. परत येताना तोंडात बडीशेप. पुण्याचा माझा थोरला भाऊ अजून सांगतो की अण्णांनी आईसाठी त्याच वर्षी विडी सोडली. दादा, तू दिवाळीला चार दिवस यायचास, तुला बडीशेपच दिसली.

विडी सुटली दोन वर्षांनी. आईचं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या मुलखातलं. तिच्या लेखी दाताला लावायची मिश्री म्हणजे व्यसन नव्हेच. तरी तिनंच पैज घातली, "मी मिश्री टाकते, तुम्ही विडी टाका." तिसऱ्या दिवशी न्हाणीत मिश्री लावताना सापडली. अण्णांनी आठवडाभर अख्ख्या गल्लीत सांगितलं, आणि त्या ताठ्यात विडीला परत हात लावला नाही. ईर्षेवर सुटली. डॉक्टरनं घातलेली भीती दादाला मोठी वाटते, मला नाही.

तेव्हा सासऱ्यांना सडक्या फुप्फुसांचे फोटो पाठवू नका, असले भीतीचे फोटो पाकिटावर रोजच बघतात. ते कशानं ईर्षेला पेटतात ते सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असणार. सोबत 1800-11-2356 या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनला फोन लावून द्या, पैसे पडत नाहीत. तलफेसाठी निकोटीनचं च्युइंगगम मिळतं, पण डॉक्टरांना विचारून. सोडल्यावर वर्षभरात सिगारेटमुळं वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो, हे मात्र सासऱ्यांच्या कानावर घाला.

एक राहिलं. चुलीच्या धुरानंही सीओपीडी होतो, म्हणजे अण्णा अगदीच खोटं बोलत नव्हते. मिश्रीही तंबाखूच, तिच्यानंही तोंडाचा कॅन्सर होतो. आणि आई दवाखान्यात असताना त्याच टपरीच्या मागं उभा राहून मी तंबाखूचा मावा खात होतो. दादाला हे इथंच कळेल.