कॉलेजची टीम, टीव्हीचा करार : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत मुलं शिकायला असलेल्या बऱ्याच जणांनी गेल्या काही महिन्यांत एकाच विषयावर विचारलंय, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतलेत.

प्रश्न : माझा मुलगा बर्कलेला मास्टर्स करतोय. त्यांची टीम म्हणे ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळते. बर्कले तर पॅसिफिकच्या बाजूला आहे ना? हे काय गौडबंगाल आहे? – एक पालक, पुणे

मुलगा बरोबर सांगतोय. २०२४ पासून बर्कलेचं विद्यापीठ (खेळात त्याला ‘कॅल’ म्हणतात) आणि शेजारचं स्टॅनफर्ड, दोघंही एसीसीमध्ये म्हणजे त्या अटलांटिकवाल्या कॉन्फरन्समध्ये आहेत, आणि हे त्यांनी हौसेने केलेलं नाही, आधीचं घर मोडलं म्हणून केलंय. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग समजा. दहा-पंधरा कॉलेजं एकत्र येतात, आपापसात मॅचेस खेळतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेतात. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी कॉन्फरन्स होती पॅक-१२, तिची सुरुवात १९१५ सालची, पहिल्या चार कॉलेजांत कॅल होतंच.

या पॅक-१२ने २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांबरोबर १२ वर्षांचा, जवळपास ३०० कोटी डॉलरचा करार केला आणि तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मग २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचं चॅनल काढलं, पूर्ण मालकी स्वतःकडे ठेवली, पण डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या डिश कंपनीने ते कधी घेतलंच नाही, त्यामुळे लाखो घरांत मॅच दिसायचीच नाही आणि तिकडे बाकीच्या कॉन्फरन्सेसचे करार फुगत गेले. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, म्हणाली की आम्ही ‘बिग टेन’ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये चाललो. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे पॅक-१२चा सगळ्यात मोठा टीव्ही बाजार गेला. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला.

पॅक-१२ मात्र पुढचं वर्षभर नवीन करार शोधत राहिली. शेवटी टेबलावर आली ती अ‍ॅपलची ऑफर, मुख्यतः स्ट्रीमिंगची, प्रत्येक कॉलेजला साधारण २.३ कोटी डॉलर आणि पुढचं सगळं सबस्क्रिप्शन किती विकली जातात त्यावर. कोलोरॅडो त्याआधीच निघून गेलं होतं. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी उरलेले नऊ जण सह्या करतील अशी अपेक्षा होती, आणि त्याच दिवशी रात्रीपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा ‘बिग १२’ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. एका दिवसात पाच.

कॅल आणि स्टॅनफर्डला मग जागा मिळाली ती एसीसीत, आणि कशी, तर पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घेऊन. ईएसपीएनशी झालेल्या करारात होतं की नवीन मेंबर आला की त्याच्यासाठी पूर्ण वाट्याचे पैसे द्यायचे, म्हणून या दोघांनी सोडलेला वाटा बाकीच्यांच्या खिशात गेला आणि त्यामुळेच एसीसीतली मतं जमली. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयू या कॉलेजने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसाही घेणार नाही असं मान्य केलं! आणि एक गोष्ट मला फार बोचते. यूसीएलए आणि कॅल दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा, त्यांचं बोर्डही एकच, त्यामुळे त्या बोर्डाने ठरवलं की यूसीएलएने कॅलला दरवर्षी १ कोटी डॉलर द्यायचे. म्हणजे एका शाखेच्या निर्णयाने दुसऱ्या शाखेचं नुकसान झालं हे बोर्डाने स्वतःच कबूल केल्यासारखं आहे.

प्रश्न : बातम्यांत ‘ग्रँट ऑफ राइट्स’ असं वारंवार येतं. ते नक्की काय असतं? आणि कॉलेजला नको झालं तर दंड भरून सुटता येत नाही का? – एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही रत्नागिरीचे आहात तर तुम्हाला पटकन कळेल. बाग खंडाने दिली की कलमं तुमची, जमीन तुमची, पण ठरलेली वर्षं आंबा खंडकऱ्याचा, तुमचं त्याच्याशी भांडण झालं तरी आंबा त्याचाच. ग्रँट ऑफ राइट्स तसंच आहे. कॉलेज आपल्या घरच्या मैदानावरच्या मॅचेस दाखवायचा हक्क कॉन्फरन्सच्या नावावर करून देतं, ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि कॉलेज दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं तरी तो हक्क मागेच राहतो. मग नवीन कॉन्फरन्स तुम्हाला घेऊन करणार काय? तुमच्या घरच्या मॅचेस त्यांना विकताच येणार नाहीत.

नुसता दंड पुरत नाही हे एसीसीला तिच्याच मेरीलँड या कॉलेजने शिकवलं. २०१२ मध्ये मेरीलँडने बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, बाहेर पडायचा दंड ५ कोटी डॉलरच्या वर होता, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१४ मध्ये ३.१ कोटींच्या आसपास मिटलं. दंडाची भीती कुणाला थांबवत नाही हे मेरीलँडच्या घोषणेनेच दिसलं होतं, म्हणून ही केस मिटायच्या आधीच, एप्रिल २०१३ मध्ये एसीसीच्या सगळ्या कॉलेजांनी ग्रँट ऑफ राइट्सवर सह्या केल्या. २०१६ मध्ये ईएसपीएनने एसीसीचं चॅनल काढायचं कबूल केलं तेव्हा हीच मुदत थेट २०३६ पर्यंत वाढवली. तेव्हा सही करणारा कॉलेजचा प्रेसिडेंट २०३६ मध्ये त्या खुर्चीवर असेल का? वीस वर्षांसाठी पुढच्या कितीतरी लोकांचे हात बांधायचे आणि बदल्यात एक चॅनल, हा सौदा मला तेव्हाही घाईचा वाटला होता आणि आजही वाटतो.

घाईचा का ते एसीसीतल्याच फ्लोरिडा स्टेटने दाखवलं. २०२३ मध्ये त्यांची फुटबॉल टीम (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) १३ पैकी १३ मॅचेस जिंकली तरी प्लेऑफच्या चार टीम्समध्ये त्यांना घेतलं नाही, लोक प्रचंड भडकले आणि २२ डिसेंबरला युनिव्हर्सिटीने टॅलाहासीच्या कोर्टात केस टाकली. एसीसीने आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनात आपली केस टाकून ठेवली होती. फ्लोरिडा स्टेटचं म्हणणं होतं की दंड आणि गमावलेले हक्क सगळं धरलं तर बाहेर पडायची किंमत ५७.२ कोटी डॉलर होते, आणि एवढी रक्कम म्हणजे शिक्षाच. मार्च २०२४ मध्ये एसीसीतलं क्लेमसनही साउथ कॅरोलायनाच्या कोर्टात गेलं.

शेवटी निकाल लागलाच नाही, मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. २०२५-२६ मध्ये बाहेर पडायचं तर १६.५ कोटी डॉलर, दरवर्षी त्यातले १.८ कोटी कमी होत जाणार आणि २०३०-३१ ला ७.५ कोटींवर थांबणार, आणि पैसे भरले की हक्क तुमचे तुम्हाला परत. शिवाय टीव्हीच्या पैशातला मोठा भाग आता कुणाच्या मॅचेस किती लोक बघतात त्यावर वाटायचा. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की एसीसीत आता दंड भरून सुटता येतं, पण ग्रँट ऑफ राइट्स कायद्याने मोडता येतो की नाही हे कुठल्याच कोर्टाने अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न : आयपीएलचे हक्क बीसीसीआय एकत्र विकतं, २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटी रुपये आले. अमेरिकेत कॉलेजांची एकच संघटना आहे, एनसीएए, मग ती का नाही विकत? – एक कॉलेज विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

विकत होती की! फुटबॉलचे हक्क एनसीएएच्याच हातात होते आणि नियम इतके कडक की दोन वर्षांत एका कॉलेजच्या जास्तीत जास्त सहा मॅचेस टीव्हीवर. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी आहे, चालणार नाही. विरोधात मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडोच्या कॉलेज फुटबॉलचे स्टार होते, त्यांचं म्हणणं असं की हा निव्वळ धंदा नाही, शिक्षणाचा भाग आहे. कायदा बहुमताचाच बरोबर असेल, पण पुढे काय होणार हे मला वाटतं व्हाइट यांना जास्त दिसलं होतं. त्या निकालानंतर हक्क आधी कॉलेजांकडे आणि मग कॉन्फरन्सेसकडे गेले, आणि आता ज्याचा करार मोठा त्याच्याकडे सगळे पळतात. टेक्सस आणि ओक्लाहोमाने बिग १२ मधून वर्षभर आधी सुटायला दोघांत मिळून १० कोटी डॉलर मोजले आणि २०२४ मध्ये एसईसी या कॉन्फरन्समध्ये गेले.

प्रश्न : पॅक-१२ मधून सगळे गेले तर उरलेल्यांचं काय झालं? माझी भाची पुलमनला पीएचडी करतेय, तिकडे लोक अजून हळहळतात म्हणते. – एक वाचक, ठाणे

हळहळणारच. बारातले दहा गेले आणि उरले दोनच, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली सरकारी कॉलेजं, शेतकी शिक्षणाची परंपरा असलेली, आणि खेळात कमी पडले म्हणून नाही तर गावाभोवती टीव्हीचे प्रेक्षक कमी म्हणून यांना कुणी घेतलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण ओरेगन स्टेट तर १९१५ च्या पहिल्या चारांतलं, बाकीचे तिघं निघून गेले आणि हे एकटं राहिलं.

पण हे दोघं रडत बसले नाहीत. जाणारे दहा जण मागे कॉन्फरन्सच्या बोर्डावर मत द्यायला बसणार होते, तेव्हा दोघांनी पुलमन ज्या काउंटीत येतं त्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात केस टाकली, जज म्हणाले जो चाललाय त्याला मत नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. कॉन्फरन्सचं नाव, मालमत्ता, सगळं या दोघांच्या हातात आलं. २०२४ च्या फुटबॉल सीझनला मॅचेस मिळाव्यात म्हणून त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला १.४ कोटी डॉलर दिले, बाकीचे बरेच खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुणे म्हणून खेळले.

भाचीला अ‍ॅपल कपबद्दल विचारा. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट ही फुटबॉल मॅच, वर्षानुवर्षं नोव्हेंबरच्या शेवटी व्हायची, ती सप्टेंबरमध्ये ढकलावी लागली. २०२४ ला सिअ‍ॅटलमध्ये झाली, वॉशिंग्टन स्टेट २४-१९ ने पुढे, अगदी शेवटी समोरची टीम गोल लाइनपासून एक यार्डावर, शेवटचा चान्स, आणि पुलमनच्या पोरांनी त्यांना तिथेच अडवलं. ओरेगन स्टेटच्या बेसबॉल टीमला तर २०२५ मध्ये कुठली कॉन्फरन्सच नव्हती, देशभर फिरून मिळतील त्या मॅचेस खेळले, घरच्या मैदानावर फ्लोरिडा स्टेटला हरवलं आणि ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचले!

१ जुलै २०२६ ही नव्या पॅक-१२ची तारीख, त्यात बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल न खेळणारं गोंझागा. नाव तेच राहिलं, पण लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटलचा पैसा त्यात नाही.

प्रश्न : कॉन्फरन्स बदलली की डिग्रीवर किंवा व्हिसावर काही परिणाम होतो का? आणि एवढा पैसा येतो तो खेळाडूंना मिळतो का? – एक आई, कोल्हापूर

डिग्री, व्हिसा, अ‍ॅडमिशन, कशावरही नाही, निश्चिंत राहा. खेळाडूंचं म्हणाल तर आता मिळतो. जून २०२५ मध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली, त्यानुसार २०२५-२६ साठी एक कॉलेज आपल्या खेळाडूंना साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं. यातला मोठा भाग फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो. व्हॉलीबॉल किंवा पोहण्याच्या टीममधल्या मुलीला मात्र कॅलिफोर्नियाहून बॉस्टनला पाच-सहा तासांचं विमान, तीन तासांचा वेळेचा फरक, आणि परत येऊन लेक्चर. करार फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी झाला आणि प्रवास तिच्या वाट्याला आला, हे मला मान्य होत नाही. निदान फुटबॉल वेगळं काढून बाकीचे खेळ तरी जवळच्या कॉलेजांशी खेळवावेत, आणि असं म्हणणारे तिकडेही बरेच आहेत.

प्रश्न : आता हे थांबलं का? – एक वाचक, नागपूर

मला तरी नाही वाटत. करारांच्या तारखा बघा. बिग टेनचा करार २०२९-३० ला संपतो, बिग १२चा २०३०-३१ ला, आणि एसीसीतून बाहेर पडायचा दंड त्याच २०३०-३१ मध्ये सगळ्यात कमी होतो. पॅक-१२ २०२३ मध्ये फुटली कारण तिचा करार २०२४ मध्ये संपत होता आणि कुणाला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, एसीसी टिकली कारण तिचा कागद २०३६ चा होता. त्यामुळे पुढच्या फोडाफोडीची बोलणी २०२८-२९ च्या सुमारास सुरू होतील असा माझा अंदाज आहे, आणि ज्यांची मुलं त्या वेळी एसीसीतल्या कॉलेजात असतील त्यांनी क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेटच्या बातम्यांवर लक्ष ठेवा.