'अनटिल यू डोन्ट कम' यात चुकतं काय?

प्रश्न: मी मराठी मीडियमची, बर्डीवर एका क्लासला जाऊन बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिले. 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते' याचं इंग्रजी मी 'आय विल वेट अनटिल यू डोन्ट कम' असं केलं, तर सरांनी डोन्टवर काट मारली. मराठीत 'नाही' आहे तर इंग्रजीत नॉट काऊन नको? अनलेसचंही माझं असंच होते. आणि नायदर-नॉर, लेस्ट हेही सांगा.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, सगळा घोळ आपल्या 'जोपर्यंत'चा आहे. 'जोपर्यंत' म्हटलं की बहुतेक वेळा मागून 'नाही' येतंच, आणि आपण ते तसंच उचलून इंग्रजीत नेऊन ठेवतो. पण घरी बोलताना तुम्ही हेच वाक्य 'तू येईपर्यंत थांबते' असं म्हणता, बघा बरं, त्यात नाही कुठंय? अनटिल म्हणजे हे 'येईपर्यंत', म्हणून 'आय विल वेट अनटिल यू कम'. पेपरात जोपर्यंतचं वाक्य आलं की आधी मनात असं 'पर्यंत'वालं करून घ्या, मगच इंग्रजी लिहा.

अनलेसला 'शिवाय' धरा. 'तिकीट काढल्याशिवाय मेट्रोत जाता येत नाही' म्हणतो आपण, 'न काढल्याशिवाय' नाही म्हणत, कारण नकार शिवायच्या पोटातच आहे. अनलेसचं अगदी तेच, 'यू कान्ट गेट इन अनलेस यू हॅव अ टिकेट'. इथं कान्ट आहे ना, तो चालतो, वाक्याच्या दुसऱ्या भागात नॉट यायला काहीच हरकत नाही, जसं 'डोन्ट लीव्ह बर्डी अनटिल आय कॉल'. अनटिलला चिकटलेल्या भागात मात्र टाकताना जपून. आणि भविष्यातली गोष्ट असली तरी तिथं विल नको, 'अनटिल ही कम्स' लिहा, 'अनटिल ही विल कम' नाही.

आता कोणी तुम्हाला 'वी वॉक्ड अनटिल वी कुडन्ट वॉक एनी मोअर' दाखवेल आणि म्हणेल इथं तर नॉट आहे. ते वाक्य बरोबरच आहे, पाय चालेनासे झाले तोवर चाललो, म्हणजे जी गोष्ट सुरू होती ती बंद पडली. म्हणूनच तुमचं 'अनटिल यू डोन्ट कम' इंग्रजीवाल्याला 'तुझं येणं बंद होईपर्यंत' असं काहीतरी ऐकू येतं. ही एवढी गोष्ट वर्गात सांगायला पाहिजे, नुसती काट मारून पोरांना काय कळणार.

नायदर-नॉर म्हणजे आपलं 'ना चहा ना कॉफी', फक्त मराठीत आपण पुढं परत 'घेत नाही' लावू शकतो, तिथं डोन्ट लावायचा नाही. 'आय ड्रिंक नायदर टी नॉर कॉफी', किंवा डोन्ट हवाच असेल तर 'आय डोन्ट ड्रिंक आयदर टी ऑर कॉफी'. दोन कर्ते असले तर क्रियापद जवळच्याचं ऐकतं, 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर देअर', परीक्षेत हे हमखास विचारतात. नुसत्या नॉरने पुढचं वाक्य जोडलं तर प्रश्नासारखी उलटापालट होते, 'आय डोन्ट ड्रिंक टी, नॉर डज माय ब्रदर'.

लेस्ट बोलण्यात फारसा येत नाही, परीक्षेपुरता करा. त्याचा अर्थच 'नाहीतर असं होईल' असा, म्हणून पुढं नॉट नाही, शुड येतो किंवा नुसतं मूळ क्रियापद, 'राईट इट डाऊन लेस्ट यू शुड फरगेट'.