सोव्हिएत रशियाची सुरुवातीची प्रवासी विमानं इतकी का कोसळायची? यंत्र खराब होतं की वैमानिक?

लहानपणी आमच्याकडे रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. ती वाचत फारसं कुणी नसे, पण जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायला बरी पडत. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर एक चंदेरी जेट विमान होतं. ते टीयू-१०४, हे मोठेपणी कळलं. ते किती जणांना घेऊन कोसळलं, हेही तेव्हाच कळलं. मासिकात त्याबद्दल अर्थातच अवाक्षर नसे.

तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. त्यापेक्षा या एकाच विमानाची गोष्ट सांगतो, कारण बाकीच्यांची बरीचशी कारणं तिच्यात येऊन जातात.

१९५४ साली ब्रिटिशांची कॉमेट ही प्रवासी जेट विमानं हवेतच फुटू लागली, म्हणून ती जमिनीवर बसवली गेली. अमेरिकेचं बोइंग ७०७ अजून तयार व्हायचं होतं. या मधल्या काळात विमानांचे रचनाकार तुपोलेव्ह यांच्या कार्यालयाने आपलं टीयू-१६ हे बॉम्बर विमान घेतलं, त्याचे पंख, शेपूट, इंजिनं जवळजवळ तशीच ठेवली आणि त्यांच्यामध्ये प्रवाशांसाठी नवं, रुंद धड बसवलं. नाकाला बॉम्बरसारखी काचसुद्धा तशीच राहिली, आत नॅव्हिगेटर बसायचा. १५ सप्टेंबर १९५६ रोजी मॉस्को–ओम्स्क–इर्कुत्स्क अशी नियमित सेवा सुरू झाली. पुढची दोन वर्षं जगात नियमित प्रवासी सेवेत असलेलं जेट हे एवढंच. घाईघाईने केलेलं म्हणून कुणी नाक मुरडेल, पण माझ्या मते ती कल्पना मुळात हुशारीची होती.

घोळ वेगळ्याच ठिकाणी होता. त्याआधीच्या आयएल-१४ या प्रवासी विमानांत केबिन दाबबंद, म्हणजे आत हवेचा दाब टिकवणारी नव्हती, त्यामुळे ती विमानं दोन-तीन हजार मीटरवरून जायची. टीयू-१०४ एकदम दहा हजार मीटरवर गेलं. तिथली हवा विरळ. तिथे विमानाचा वेग थोडा कमी झाला तर पंखांची उचल तुटते, यालाच स्टॉल म्हणतात. आणि थोडा वाढला तर ध्वनीच्या वेगाजवळची दुखणी सुरू होतात. या दोन हद्दींमधली पट्टी उंचीबरोबर अरुंद होत जाते. त्यात पंख मागे झुकलेले असले की त्यांची टोकं आधी उचल सोडतात. टोकं मागच्या बाजूला असल्यामुळे राहिलेली उचल पुढे सरकते आणि नाक खाली यायच्या ऐवजी आणखीच वर जातं. बॉम्बरचा प्रशिक्षित वैमानिक हे कदाचित सावरेल, पण प्रवासी भरलेलं, जड विमान वरच्या हवेच्या झोताने वर फेकलं गेलं तर काय करायचं, याचा अनुभवच कुणाला नव्हता.

१५ ऑगस्ट १९५८ला खाबारोव्स्कहून इर्कुत्स्कला निघालेलं विमान बारा हजार मीटरच्या वर जाऊन असंच कोसळलं. ६४ जण गेले. टीयू-१०४ विमानांची उड्डाणं चालूच राहिली.

दोन महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला, पेकिंगहून (म्हणजे बीजिंगहून) ओम्स्कमार्गे मॉस्कोला येणाऱ्या विमानाची पाळी आली. मॉस्कोत हवा खराब होती, आसपासचे पर्यायी विमानतळही बंद, म्हणून त्याला माघारी स्वेर्दलोव्स्कला जायला सांगण्यात आलं. ते वळत असतानाच चुवाशियातल्या कानाशजवळ हवेच्या झोताने त्याला वर उचललं, मग नाक खाली करून ते जवळजवळ उभं कोसळू लागलं. कप्तान हॅरोल्ड कुझनेत्सोव्ह यांनी नाक वर करायला स्टिक (विमान वळवायचा दांडा) पूर्ण मागे ओढली होती, तरी विमान ऐकेना. आणि इथे या माणसाने जे केलं ते वाचून मी अजूनही थांबतो. पडत असताना ते आणि त्यांचा चमू रेडिओवर सांगत राहिले, विमान कसं वागतंय, कुठला कंट्रोल प्रतिसाद देत नाही. शेवटी निरोप घेतला. ८० जण गेले. त्यात चीनचे सांस्कृतिक उपमंत्री आणि नामवंत लेखक झेंग झेंडुओही होते.

त्या बोलण्यामुळे तपासणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा नेमका धागा आला. शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलला गेला, एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी, जास्त हलेल असं केलं, उंचीवर मर्यादा आली, सामान-प्रवाशांचा तोल कुठे असावा याचे नियम आवळले गेले. यंत्र की वैमानिक, असं तुम्ही विचारलंत, तर या प्रकरणात यंत्राचा दोष वैमानिकाने शोधून दिला, एवढं म्हणता येईल.

आता त्या गप्प मासिकांकडे परत. देशांतर्गत अपघाताची बातमी सोव्हिएत वर्तमानपत्रं सहसा छापतच नसत. विमानात परदेशी पाहुणे किंवा बडे लोक असले, तरच दोन ओळी यायच्या. कानाशची बातमी आली ती चिनी पाहुण्यांमुळे. चुकीबद्दल मोकळेपणाने बोलायची सवय नसली की एका वैमानिकाला आलेला अनुभव दुसऱ्याच्या कानावर उशिरा जातो, हे मला त्या पंखांच्या दोषाइतकंच मोठं कारण वाटतं.

टीयू-१०४च्या आधीच्या अपघातांची तऱ्हा जरा वेगळी. १८ मे १९३५ला आठ इंजिनांचं, ६३ मीटर पंखांचं ‘मॅक्सिम गॉर्की’ मॉस्कोवरून जात होतं. शेजारून उडणाऱ्या छोट्या लढाऊ विमानाच्या वैमानिकाने, निकोलाय ब्लागिनने, त्याच्याभोवती गिरकी घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्यावरच आदळला. त्याचंच भावंड, सहा इंजिनांचं, डिसेंबर १९४२ मध्ये ताश्कंदजवळ पडलं. वैमानिकाने आपल्या खुर्चीवर एका प्रवाशाला बसू दिलं होतं आणि ऑटोपायलट सुटला! अशा वेळी यंत्राला काय बोल लावणार?

उलट अंतोनोव्हचं एएन-१० घ्या. १८ मे १९७२ला खारकोव्हजवळ त्याचा पंख मधोमध तुटला आणि १२२ जण गेले. कारण होतं धातूचा थकवा, म्हणजे कॉमेटचंच दुखणं, फक्त खिडकीच्या जागी पंखात. मग ते विमान प्रवासी सेवेतून काढूनच टाकलं.

टीयू-१०४ मात्र बरंच टिकलं. उलट जोर देऊन थांबायची सोय त्याच्या इंजिनांना नव्हती, म्हणून धावपट्टीवर मागे पॅराशूट उघडावं लागायचं. मुंबईशीही त्याचा संबंध आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या कंपनीचं एक टीयू-१०४ मार्च १९६३ मध्ये सांताक्रूझ विमानतळावर इंधन भरताना पेटून गेलं. १९७९ मध्ये मॉस्कोजवळच्या व्नुकोवोला आगीच्या खोट्या इशाऱ्यामुळे परतताना एक कोसळलं आणि एरोफ्लोट या सोव्हिएत सरकारी विमान कंपनीने त्यानंतर ते प्रवाशांसाठी वापरणं बंद केलं. भूगोलाच्या वहीचं ते कव्हर त्याआधीच फाटून गेलं होतं.